छत्तीस वर्षं नाकासमोर

पहिल्या ट्रायलच्या दिवशी काकांनी मला गाडीत चढण्याआधी त्यांच्या तोंडावर फुंकर मारायला लावली. सकाळचे सव्वासहा वाजले होते. सोसायटीच्या आवारात दूधवाला, वॉचमन आणि चालायला निघालेल्या दोन बायका उभ्या होत्या. आणि मी, वय वर्षं अडतीस, कोलशेतला एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी, आयुष्यात बिअरचा घोटही न घेतलेली बाई, शेजारच्या काकांसमोर तोंड उघडून उभी होते.

"जोरात," काका म्हणाले.

मी फुंकलं.

"बडीशेप," ते म्हणाले, वहीत खूण केली आणि मला आत जायची परवानगी दिली. मग त्यांनी स्वतःची फुंकर काकूंना दिली. काकूंनी तिकडे न बघताच "ठीक आहे, व्हा पुढे" असं सांगितलं. त्यांना सवय होती.

काका मालगाडीचे ड्रायव्हर होते. त्या नोकरीला आता लोको पायलट असं नाव आहे, पण काकांना ते पसंत नव्हतं. पायलट विमानात असतो, म्हणायचे. छत्तीस वर्षं त्यांनी कल्याणहून इगतपुरी, मनमाड, भुसावळकडे कोळसा, सिमेंट आणि गहू ओढला आणि साठाव्या वर्षी आमच्या मजल्यावर, समोरच्या दाराआड, कायमचे घरी आले. ड्यूटीवर चढताना तोंडाचा वास द्यायचा हा तिथला नियम. तिथला नियम तो सगळ्या जगाचा नियम, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. लग्नाला जायचं असलं तरी ते पाऊण तास आधी पोचायचे, कारण ड्यूटीवर पाऊण तास आधी हजर व्हायचं असतं. कितीतरी मांडवांत आचाऱ्याच्या आधी काका पोचलेले आहेत. जेवण सांगितलेलं असलं तरी सोबत डबा न्यायचे, कारण गाडी कुठे अडकेल सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर वर्षभराने त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली. त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं वाहन. सायकलही नव्हती त्यांच्याकडे. ती पिवळी गाडी फाटकातून आत आली तेव्हा माझी आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

"हे काय आणलं?" आईने काकूंना विचारलं.

"घर," काकू म्हणाल्या. "हे म्हणतात, यातच राहायचं, यातच झोपायचं आणि हिवाळाभर उत्तरेकडे फिरायचं. हिमाचलपर्यंत."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मीच मागितलं होतं," काकू म्हणाल्या.

ते खरं होतं. काका रात्री गाडीवर गेले की काकूंना झोप यायची नाही, म्हणून त्या विणायला बसायच्या. छत्तीस वर्षं. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक स्वेटरांनी गच्च भरलेली होती. कल्याणला थंडी म्हणजे पंखा दोनवर ठेवायचा, त्यामुळे त्यातला एकही स्वेटर कधी अंगावर चढला नव्हता. दरवर्षी त्या ते बाहेर काढायच्या, उन्हात घालायच्या, डांबराच्या गोळ्या बदलायच्या आणि परत ठेवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मरायच्या आधी एकदा तरी मला खरी थंडी वाजायला हवी गं." त्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फिरायचं ते आत्ताच फिरून घ्या.

मग काकांची तयारी सुरू झाली. ती बघून आमची सोसायटी अक्षरशः तोंडात बोट घालून उभी राहिली. आधी आतल्या सीट काढल्या. पलंग आला, शेगडी आली, पाण्याची टाकी आली, आरटीओचे कागद बदलून आले. रोज सकाळी काका एक लहान हातोडी घेऊन खाली यायचे आणि रेल्वेत तपासतात तसं चारही चाकांवर ठोकून कान लावायचे. रबराच्या टायरातून त्यांना काय ऐकू यायचं, हे मी विचारलं नाही. शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, तर काकांनी त्यांना अर्धा तास उभं करून ठेवलं.

थंडीची परीक्षा कशी घ्यायची, हा मोठा प्रश्न होता. एके दुपारी काका माकडटोपी, तीन स्वेटर, रग आणि थर्मामीटर घेऊन मे महिन्याच्या उन्हात रिक्षात बसताना दिसले. संध्याकाळी काकूंनी सांगितलं, "बाजार समितीकडच्या कोल्ड स्टोअरेजात गेले होते. ओळख काढली कुणाची तरी. दोन तास बटाट्यांबरोबर बसून आले." मला हसू आवरेना. काकूही हसल्या, पण मग म्हणाल्या, "माझे स्वेटर बटाट्यांनी आधी बघितले."

पहिला हिवाळा हीटर पसंत पडेना म्हणून गेला. दुसरा हिवाळा धुक्याने खाल्ला. धुक्यात रुळावर फटाके लावलेले असतात. त्यांच्यावरून इंजिन गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हरला कळतं की सिग्नल जवळ आला. "पंजाबात एवढं धुकं असतं," काका म्हणायचे, "तिकडे रस्त्यावर फटाके कोण लावणार?" या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून बॅगा परत माळ्यावर गेल्या. मार्चमध्ये काकू गच्चीवर स्वेटर झटकत होत्या, तेव्हा मी मदतीला गेलेले. त्या नुसत्या डांबराच्या गोळ्या मोजून स्वेटरांच्या खिशांत टाकत होत्या.

तिसऱ्या हिवाळ्याआधी मात्र काकांनी जाहीर केलं, ट्रायल. इंजिनात ड्रायव्हरबरोबर असिस्टंट असतो. पुढचा सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने ओरडायचं आणि दुसऱ्याने तेच परत ओरडायचं, म्हणजे दोघांनी बघितलं हे पक्कं होतं. काकूंना आवाज बेताचा, म्हणून असिस्टंट मी. त्या दिवसापासून काकांनी मला माझ्या नावाने हाक मारली नाही.

तर फुंकर मारून मी डाव्या सीटवर बसले आणि आम्ही दोघं टिटवाळ्याच्या रस्त्याला लागलो. गाडी ताशी पंचवीसने चालली होती.

"पुढे गतिरोधक," मी.

"गतिरोधक," काका.

"डावीकडे म्हैस."

"म्हैस."

मजा येत होती, खोटं कशाला सांगू. एकच गोष्ट खटकत होती. काका खड्डा चुकवत नव्हते. खड्डा दिसायचा, मी सांगायची, ते परत म्हणायचे आणि मग आम्ही बरोबर त्याच्यातून जायचो. वळण आलं की वळायचे, पण सरळ रस्त्यावर त्यांच्या हातातलं चाक इंचभरही हलत नव्हतं. मला वाटलं, नवीन आहेत, शिकतील.

गाव मागे पडल्यावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई डावीकडून रस्त्यावर आली.

"पुढे बाई," मी म्हटलं.

"बाई," काका म्हणाले.

बाई आमच्याकडे न बघता रस्ता ओलांडायला लागली. भाऱ्याने तिचे दोन्ही कान झाकलेले होते. काकांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. गाडीचा वेग काही कमी होईना. मी त्यांच्याकडे बघितलं. काका ताठ बसले होते. उजव्या हाताने हॉर्न दाबलेला, डावा हात हवेत, काहीतरी ओढत असल्यासारखा मागेपुढे होत होता. तिथे काहीच नव्हतं. इंजिनात तिथे ब्रेकची दांडी असते, हे मला नंतर कळलं. पाय त्यांनी उचलून मागे घेतले होते. स्टेअरिंग कुणीच धरलेलं नव्हतं.

मी झडप घालून चाक डावीकडे ओढलं. गाडी रस्ता सोडून बाजूच्या मऊ मातीत शिरली, दोन हिसके दिले आणि बंद पडली. बाई आमच्यापासून हातभर अंतरावरून गेली. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. काका अजून हॉर्न दाबून बसले होते. मी त्यांचा हात तिथून काढला.

"काका, ब्रेक पायात आहे," मी म्हटलं. "आणि वळवायचं ना. वळवता येतं ना याला."

ते खाली उतरले आणि मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. मी ट्रॅक्टरवाला मिळतोय का बघायला निघाले, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"अकरा," ते म्हणाले.

"काय अकरा?"

"माणसं. मोजायची नाहीत असं आमच्यात सांगतात. मी मोजली." ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. "कुणी रूळ ओलांडताना, कुणी मुद्दाम. गाडी थांबायला जवळजवळ किलोमीटर लागतो, असिस्टंट, मागे वजन असतं. हॉर्न मारायचा, दांडी ओढायची आणि बघत राहायचं. आसनगावच्या पुढे एक बाई होती. तिने हॉर्न ऐकला, माझ्याकडे बघितलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला."

याच माणसाला मी तीन वर्षं हसत होते.

"प्रत्येक वेळी साहेब, गार्ड, पोलीस, सगळे तेच सांगायचे," काका म्हणाले. "तुमचा काय दोष, तुमच्या हातात स्टेअरिंग थोडंच होतं? खरंच होतं ते. त्या एका वाक्यावर मी छत्तीस वर्षं झोपलो. आता हातात स्टेअरिंग आहे. आता कुणी समोर आलं तर काय म्हणायचं, सांग."

मला आठवलं, लायसन्सची परीक्षा काका पहिल्या फटक्यात पास झाले होते आणि आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. मैदानावर समोर माणूस नव्हता, एवढंच.

ट्रॅक्टरने गाडी बाहेर काढली. काका डाव्या सीटवर बसले आणि मी, स्कूटी सोडून काही न चालवलेली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ती गाडी घरी घेऊन आले. वाटेत त्यांनी एकच गोष्ट मागितली, काकूंना सांगू नकोस. मी शब्द दिला आणि तेव्हापासून काकूंच्या नजरेला नजर देईनाशी झाले. दिवाळी जवळ येत होती. काकूंनी तिसऱ्यांदा बॅगा काढल्या होत्या. हा हिवाळाही गेला, हे मला एकटीला माहीत होतं.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी माझी तब्येत बरी नव्हती, म्हणून मी ऑफिसला दांडी मारली. काकू आणि आई दर मंगळवारी टिटवाळ्याला गणपतीला जायच्या. गेले पाच महिने एकही मंगळवार चुकला नव्हता. अकराच्या सुमारास मी औषध आणायला खाली उतरले, नाक्यावर वळले, आणि समोरून एक मोटार ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आली. छपरावर पाटी, बाजूला शिकवणारा मुलगा, मागे माझी आई पर्स मांडीवर घेऊन बसलेली. स्टेअरिंगवर काकू होत्या. त्यांनी सिग्नल दिला, आरसा बघितला, उभ्या रिक्षाला सफाईने वळसा घातला आणि निघून गेल्या. मी औषध न घेता घरी परत आले.

दुपारी दोघी आल्या. आईने माझ्या हातात रीतसर प्रसाद ठेवला.

"कुठल्या गणपतीचा?" मी विचारलं.

आई काकूंकडे बघायला लागली. काकू शांतपणे खुर्चीत बसल्या, गुडघा चोळला आणि म्हणाल्या, "लायसन्स आलं परवा. शनिवारी हे बँकेच्या कामाला जातात, तेव्हा मिनीबसही चालवून बघते. आता कसलीच भीती वाटत नाही."

"पण काकू, तुम्ही कशाला? काका आहेत ना," मी उगाचच म्हटलं.

"त्यांना जमायचं नाही. तुलाही माहीत आहे, चार महिने तोंड चुकवते आहेस माझ्यापासून." त्यांनी दुसरा गुडघा चोळायला घेतला. "तसा दिवस असला की हे घरी येऊन तास-तासभर आंघोळ करायचे. मग जेवायला बसायचे, पण हात ताटाला लागायचा नाही. मी कधी विचारलं नाही. शेजारणी सांगायच्या, आज अमुक ठिकाणी झालं म्हणून. अकरा वेळा झालं. ट्रंकेत बघ, अकरा स्वेटर अर्धेच राहिलेत. त्या रात्री पुढे विणवलंच नाही मला."

मला रडू फुटलं. आई, जी आजवर बाबांशिवाय शिर्डीच्या पलीकडे गेली नव्हती, मला म्हणाली, "रडतेस काय? मीपण जातेय."

काकांना सांगितलं तेव्हा ते वाद घालतील असं वाटलं होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "डाव्या सीटवर मी बसेन. असिस्टंट म्हणून." काकूंना तेच हवं होतं.

डिसेंबरच्या एका रविवारी निघायचं ठरलं. काका पाऊण तास आधी हजर. माकडटोपी, ड्यूटीवर न्यायची पत्र्याची पेटी, वही. चाकांवर हातोडी ठोकून झाली, फुंकरी झाल्या. काकू चढल्या, आई मागे बसली, काका डावीकडे बसले. गाडी फाटकापर्यंत गेली. समोरच्या रस्त्यावरून फुलवाला चालला होता, एक बाई कुत्र्याला फिरवत होती. रविवारची साधी वर्दळ होती. गाडी थांबली आणि काका दार उघडून खाली उतरले.

"नाही जमत," ते म्हणाले. "मला बघवणार नाही."

काकूंनी इंजिन बंद केलं. तिसरा हिवाळाही गेला, माझ्या मनात आलं. मग काकू काच खाली करून, आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "अहो, तुम्ही छत्तीस वर्षं गाडीवर गेलात. तेव्हा मी घरी बसून जे केलं, ते आता तुम्ही करा."

आई मागून उतरली, डाव्या सीटवर जाऊन बसली आणि गाडी निघाली. बायकोला असं पाठवलं म्हणून सोसायटीतले लोक महिनाभर काकांना नावं ठेवत होते. मला तर पहिले दोन दिवस काही सुचतच नव्हतं. माझी आई गेली होती, आणि तीही मला न विचारता.

ते अडीच महिने काका आमच्याकडे जेवायला यायचे. संध्याकाळी सातला फोन यायचा. काकू रजया, मोहरीची शेतं, कुठल्याशा ढाब्यावरचे मुळ्याचे पराठे असं काहीबाही सांगायच्या. काका विचारायचे, "ब्रेक?" त्या म्हणायच्या, "चांगला आहे." एकदा त्यांनी धुक्याचं विचारलं, तर काकू म्हणाल्या, "धुकं असलं की आम्ही निघतच नाही. अकरापर्यंत चहा पितो." काकांनी फोन ठेवला. हे उत्तर न सुचल्यामुळे त्यांचा अख्खा एक हिवाळा गेला होता. एकदा गाडी चालू असताना फोन लागला आणि मागून माझ्या आईचा खणखणीत आवाज आला, "पुढे मेंढ्या." काकूंनीही "मेंढ्या" म्हटलं. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

पालमपूरहून काकूंनी मला फोटो पाठवला. अंगावर विटकरी रंगाचा स्वेटर, तोंडातून वाफ निघतेय आणि त्या लहान मुलीसारख्या हसताहेत. मी तो काकांना दाखवला. "छान," ते म्हणाले आणि विचारलं, "गाडीचा नाही का पाठवला?"

फेब्रुवारी संपता संपता त्या परत आल्या. भर दुपार होती. सोसायटीतल्या बायका ओवाळायला तबक घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. धुळीने पिवळी गाडी करडी झाली होती. आईच्या डोक्यावर हिमाचली टोपी. काकूंनी मुद्दाम स्वेटर घातला होता आणि घामाने त्यांचा चेहरा डबडबला होता. गाडी थांबली तशा बायका पुढे सरकल्या, पण काका त्यांच्या आधी पोचले.

त्यांनी काकूंकडे बघितलं नाही. ते गाडीच्या तोंडाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि चष्मा वर करून बंपर बघायला लागले. बंपरच्या कडेवरून हात फिरवला, नंबर प्लेटच्या मागे बोटं घालून पाहिली, वाकून चाकांच्या आतल्या बाजू बघितल्या, रुमालाने पुसलं, रुमाल उजेडात धरला आणि परत पुसलं. तबकातलं निरांजन वाऱ्याने विझलं. "काका, आधी ओवाळू तरी द्या," चेअरमन म्हणाले. ते त्यांच्या कानांवर गेलं नाही.

काकू दाराला धरून हळूहळू उतरल्या. त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काही नाही लागलं," त्या म्हणाल्या. "अहो, एक कुत्रंसुद्धा नाही."

काकांनी बंपरवर कपाळ टेकलं. त्यांची पाठ हलत होती. लोकांना वाटलं, गाडीला नमस्कार करताहेत, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.